घरघर

१

एखादी ग्रंथालय चळवळ थंडावली, एखादे जुने नियतकालिक बंद पडण्याच्या वाटेवर आले की आपण सहज लिहून जातो : तिला घरघर लागली. हा शब्दप्रयोग आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यामागचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. घरघर हा मुळात माणसाच्या गळ्यातून येणारा आवाज. लाळ आणि कफ गिळता येत नाही, खोकून बाहेर टाकता येत नाही, श्वास मात्र चालू असतो. साचलेल्या त्या द्रवातून हवा ये-जा करते आणि घरघर ऐकू येते. पिढ्यानपिढ्या घरातल्या जाणत्यांनी हा आवाज ऐकून गंगाजळाची कुपी काढली, दूरच्या नातलगांना निरोप धाडले. भाषेने या आवाजाचा एकच अर्थ लावला : शेवट.

विसाव्या शतकात या आवाजाचा दुसराही अर्थ शोधला गेला. घरघर हा दरवेळी निकाल नसतो. अनेकदा ते कुणीतरी करायचे राहून गेलेले काम असते. गळ्यातला अडथळा बाहेरून नळी घालून ओढून काढता येतो, आणि ते काम शिकवता येते. हे काम कोणाला, कशावर आणि कोणत्या किमतीत शिकवले गेले, याचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत तळटीपांपुरता येतो. प्रस्तुत लेखात तो जरा वर आणण्याचा प्रयत्न आहे. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. मी साहित्य शिकवतो. तरीही या विषयाकडे मी का वळलो हे आधी सांगायला हवे.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले काका पक्षाघातानंतर बरेच दिवस एका रुग्णालयात होते. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवलेली. अशा माणसाचा श्वास स्वरयंत्राच्या खालूनच आत-बाहेर होतो, त्यामुळे त्याला आवाज उरत नाही. जन्मभर खड्या आवाजात कीर्तने करणारा हा माणूस ओठ हलवी आणि आम्ही अंदाज बांधत बसू. दिवसातून अनेकदा शिकाऊ परिचारिका येऊन नळीतला कफ ओढून काढत. त्यांत एक विशी-एकविशीतली, बोलण्यावरून मराठवाड्यातली वाटणारी मुलगी होती. नळी आत घालताना ती ओठ घट्ट मिटून घेई. एकदा मी विचारले, भीती वाटते का? ती म्हणाली, ‘‘तसं नाही काका. आमच्या मॅडमनी सांगितलंय, नळी आत असेपर्यंत आपणपण श्वास घ्यायचा नाही. आपल्याला गुदमरलं की समजायचं, आजोबांना त्याच्या आधीच गुदमरलंय.’’

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्याचा माग काढता काढता जे हाती लागले ते पुढे मांडतो.

२

सुरुवात एका बाहुलीपासून होते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयाच्या प्रमुख होत्या लॉडर सदरलंड. विद्यार्थिनींना रुग्णाला वळवणे, उचलणे, स्नान घालणे शिकवायचे तर सराव कोणावर करायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. पेंढ्याचे पुतळे टिकत नसत. त्यांनी ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था जेन्किन्स चेस यांच्याकडे माणसाच्या उंचीची बाहुली मागितली. १९११ साली ती तयार झाली आणि विद्यार्थिनींनी तिचे नाव ठेवले ‘मिसेस चेस’. १९१४ च्या सुधारित आवृत्तीत दंडावर इंजेक्शनची जागा आली, शरीरात पाणी साठवण्याची सोय आली. पुढे जगभर परिचारिका घडवणाऱ्या शाळांत तिच्या बहिणी पोहोचल्या.

मिसेस चेस सहनशील होती. कितीही वेळा चुका करा, तिची तक्रार नसे. तिच्यामुळे कितीतरी खऱ्या रुग्णांची शरीरे नवशिक्या हातांतून सुटली असतील. सार्वजनिक रुग्णालयांतील गरीब रुग्ण हाच जगभर शिकाऊंचा पहिला धडा होता, हे लक्षात घेतले तर या बाहुलीचे नैतिक मोल मोठे आहे. तिला एकच गोष्ट येत नव्हती. ती श्वास घेत नव्हती. रुग्ण गुदमरतो आहे हे ओळखणे तिच्यावर शिकवता येणे शक्य नव्हते.

३

आता १९५२ च्या कोपनहेगनकडे वळू. आदल्याच वर्षी या शहरात पोलिओवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. १९५२ च्या उन्हाळ्यात त्याच शहरावर पोलिओची भयंकर साथ कोसळली. ब्लेगडाम या साथरोग रुग्णालयात जुलै ते डिसेंबर या काळात २,७०० हून अधिक रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ३०० हून अधिक रुग्णांचा श्वास किंवा गिळण्याची क्रिया धोक्यात आलेली होती. आणि रुग्णालयाजवळ यंत्रे किती? संपूर्ण शरीर आत घेणारे, ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र एक, आणि छातीभोवती बसवायची सहा.

लोखंडी फुप्फुस १९२८ पासून बॉस्टनमध्ये वापरात आले होते. ते शरीराभोवतीचा दाब कमी-जास्त करून छाती फुगवी. पण पोलिओचा एक प्रकार मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांवर घाला घालतो. त्यात गिळणे थांबते. स्वतःचीच लाळ श्वासनलिकेत उतरते आणि माणूस कोरड्या बिछान्यात बुडू लागतो. अशा रुग्णाच्या छातीभोवती कितीही उत्तम यंत्र लावले तरी वाटच तुंबलेली असेल तर हवा जाणार कुठून? साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख एच. सी. ए. लासेन हतबल झाले होते. मोगेन्स ब्यॉर्नेबो या सहकाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी एका भूलतज्ज्ञाला बोलावले. नाव ब्यॉर्न इब्सेन. (आडनाव नाटककाराचे, पण हे डेन्मार्कचे.) इब्सेन यांनी दगावलेल्या रुग्णांची कागदपत्रे आणि शवविच्छेदनाची निरीक्षणे पाहिली. रक्तातले कर्बवायूचे वाढलेले प्रमाण इतर डॉक्टरांना शरीरातील एखाद्या गूढ रासायनिक बिघाडाचे लक्षण वाटत होते. इब्सेन यांनी त्याचा साधा अर्थ लावला : या माणसांना पुरेसा श्वास मिळत नव्हता. संहिता सर्वांसमोर एकच होती, वाचन वेगळे होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापुढे आणली गेली. हातपाय लुळे, ताप, ओठ निळे, स्वतःच्याच स्रावांत गुदमरणारी. फक्त जागा बधिर करून तिच्या गळ्याला छेद देण्यात आला आणि भोवती फुगा असलेली नळी श्वासनलिकेत बसवली गेली. फुगा फुगवला की वरची लाळ खाली उतरत नाही, आणि नळीतून खालचा कफ ओढून काढता येतो. पण मुलगी जिवाच्या आकांताने झगडत होती. रबरी पिशवी दाबूनही हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर आता काही उरले नाही असे समजून पांगू लागले. इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध दिले. तिचा झगडा थांबला, आणि पिशवीतली हवा छातीत जाऊ लागली. ती वाचली.

एका मुलीचा श्वास एका माणसाच्या मुठीत मावला. पण साथीच्या ऐन भरात एका वेळी सत्तर रुग्णांना असा श्वास हवा होता. तोही चोवीस तास, काहींना कित्येक आठवडे. एवढ्या मुठी आणायच्या कुठून? वैद्यकाचे विद्यार्थी बोलावले गेले, पुढे दंतवैद्यकाचेही. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

या विद्यार्थ्यांचे शिक्षण काय झाले? बाहुली नव्हती. अभ्यासक्रम नव्हता. थोडक्यात दाखवले गेले, आणि मूठ सोपवली गेली. त्यांचे पाठ्यपुस्तक म्हणजे समोरचा चेहरा. घाम फुटला का, ओठांचा रंग कसा आहे, छाती दोन्ही बाजूंनी उचलली जाते आहे का. शुद्धीवर असलेले, पण गळ्यातल्या नळीमुळे आवाज गेलेले रुग्ण डोळ्यांनी आणि ओठांनी खुणावत. पुष्कळसे रुग्ण लहान मुले होती. विशीतला एखादा विद्यार्थी रात्रभर एका मुलाच्या उशाशी बसून एका हाताने श्वास देतो आहे, आणि पहाटे कधीतरी त्याच्या लक्षात येते की आता आपली मूठ रिकाम्या देहात हवा भरते आहे. शिक्षणाच्या इतिहासात इतकी निर्दय आणि इतकी जिव्हाळ्याची शाळा क्वचितच भरली असेल.

४

कोपनहेगनची ही कथा आता बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. पण ज्या रीतीने ती सांगितली जाते त्याबद्दल एक हरकत नोंदवावीशी वाटते.

सगळे लक्ष पिशवी दाबणाऱ्या हातांकडे जाते. तास मोजले गेले ते त्यांचे. परंतु पिशवीतली हवा आत जायची तर वाट मोकळी हवी. ती मोकळी ठेवण्यासाठी रुग्णाला वारंवार कुशीवर वळवावे लागे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून स्राव उताराला लावावे लागत, नळीतून कफ ओढून काढावा लागे. हे काम रुग्णसेवेचे, म्हणजे मुख्यतः परिचारिकांचे. लासेन यांनी १९५३ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ नियतकालिकात साथीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढच्या सर्व कथनांत मात्र वैद्यकाचे विद्यार्थी नायक ठरले आणि नळी धरणारे हात पार्श्वभूमीत गेले. श्वास देणे हे उदात्त वाटते; शेंबूड आणि थुंकी काढणे हे सफाईचे काम वाटते. कामांची ही उतरंड आपल्याला परकी नाही. शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवांना हात लावणारा माणूस कोणता, यावर आपल्याकडे तर अख्खी समाजरचना उभी आहे.

आणि गंमत अशी की ज्या कामाचा गौरव झाला तेच काम लवकर यंत्राकडे गेले. हाताने दिलेला श्वास कधी जास्त तर कधी कमी होई. तो मोजण्यासाठी पॉल ऑस्ट्रुप यांच्या प्रयोगशाळेने रक्ताची आम्लता मापण्याचे तंत्र कामाला लावले. दोन-चार वर्षांतच स्वीडनमधील एंगस्ट्रॉम यांच्यासारख्यांची श्वसनयंत्रे युरोपात रुजली. विद्यार्थ्यांच्या मुठी मोकळ्या झाल्या. १९५३ अखेर इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी कायमचा कक्ष उभारला. आजच्या अतिदक्षता विभागांची वंशावळ तिथपर्यंत नेली जाते. त्या कक्षांत आज श्वास यंत्र देते, दाब यंत्र मोजते. पण कफ आजही माणूसच काढतो. नळी किती आत न्यायची, कुठे थांबायचे, कधी मागे घ्यायची, हे हाताला कळावे लागते.

५

दरम्यान बाहुलीनेही श्वास घ्यायला शिकून घेतले.

बाल्टिमोर येथे पीटर साफार यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोंडाने तोंडात श्वास देण्याची रीत प्रयोगांनी सिद्ध केली. त्यासाठी स्वयंसेवकांना औषधाने निश्चेष्ट करून त्यांच्यावर सामान्य माणसांकडून, बालवीरांकडूनही, श्वास देववला गेला. हे काही सर्वत्र शिकवण्याजोगे नव्हते. नॉर्वेतील स्टावांगर येथे खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्डाल पुढे आले आणि १९६० मध्ये ‘रिससी अॅन’ ही सरावाची बाहुली तयार झाली. तिचे डोके मागे कलवले तरच वाट उघडे. मग फुंकर घातली की छाती वर येई. लेर्डाल यांनी स्वतःच्या बुडणाऱ्या मुलाला पाण्यातून काढून वाचवले होते, हा तपशील या बाहुलीच्या जन्मकथेत नेहमी सांगितला जातो.

साहित्याच्या अभ्यासकांना हिचा चेहरा ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या मृत चेहऱ्याचा ठसा, अशी आख्यायिका असलेला तो स्मितमुख मुखवटा. आख्यायिकेला पुरावा नाही. किंबहुना इतका टवटवीत चेहरा पाण्यात बुडालेल्या माणसाचा असू शकेल का, याबद्दल शंकाच घेतली गेली आहे. पण मुखवट्याच्या प्रती घराघरांत टांगल्या गेल्या. रिल्केच्या १९१० च्या ‘माल्टे लॉरिड्स ब्रिग’ या कादंबरीत तो येतो, सुपर्व्हिएलने तिच्यावर कथा लिहिली, नाबोकोव्हने कविता, आरागाँच्या ‘ऑरेलियाँ’मध्ये तो कथानकाच्या मध्यभागी आहे. लेर्डाल यांनी तो नातलगांच्या घरी भिंतीवर पाहिला होता. साहित्याने तिला पन्नास वर्षे सुंदर प्रेत म्हणून न्याहाळले; एका खेळणीवाल्याने तिला श्वास देण्याजोगी केली. जिला कुणी वाचवले नाही तिच्यावर वाचवण्याचा सराव व्हावा, यातला उपरोध वेगळा सांगायला नको.

मात्र ही बाहुलीसुद्धा मुकीच. पुढे गळ्यात छेद असलेल्या, आत कृत्रिम कफ भरता येईल अशा बाहुल्या आल्या आणि परिचारिकांच्या शाळांत पोहोचल्या. त्यांच्यावर हाताचा क्रम बसतो. परंतु नळी टोचली तर साधी बाहुली खोकत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही, पलंगाचा कठडा घट्ट धरत नाही.

६

हा क्रम तरी काय आहे? वरवर पाहता अगदी छोटा. हात धुवायचे, रुग्णाला काय करणार ते सांगायचे, आधी थोडा वेळ प्राणवायू द्यायचा, निर्जंतुक नळी आत न्यायची. नळीला बाजूला एक छिद्र असते. आत जाताना ते उघडे ठेवायचे. बाहेर येताना अंगठ्याने बंद करायचे, म्हणजे तेव्हाच ओढ लागते. पूर्ण क्रिया १५ सेकंदांच्या आत. नळीची जाडी गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून कमी. मोठ्या माणसासाठी ओढीचा दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरपेक्षा कमी.

या प्रत्येक आकड्यामागे कुणाचा तरी त्रास आहे. ओढणारी नळी कफाबरोबर हवाही ओढते. जाड नळी आणि जास्त दाब यांमुळे फुप्फुसाचा भाग मिटून जाऊ शकतो, हे रोझेन आणि हिलार्ड यांनी १९६० मध्ये मांडले. कफ काढताना प्राणवायू घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, हे १९६९ च्या सुमारास नोंदले गेले. म्हणजे जी क्रिया जीव वाचवण्यासाठी शिकवली गेली तीच जीव धोक्यात घालू शकते, हे कळायला बराच काळ जावा लागला. तोवर घड्याळ पाहून ठरावीक तासांनी नळी घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. आता शिकवले जाते ते वेगळे : आधी ऐका. छातीला स्टेथोस्कोप लावा, चेहरा पाहा, गरज असेल तरच नळी घाला. कौशल्याच्या जागी विवेक आला, असे म्हणता येईल.

हा विवेक ज्यांच्याकडून अपेक्षित आहे ते कोण, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांत ‘व्होकेशनल नर्स’ आणि अन्यत्र ‘प्रॅक्टिकल नर्स’ म्हणून ओळखला जाणारा वर्ग साधारण वर्षभराच्या शिक्षणानंतर कामाला लागतो आणि वृद्धनिवासांत, घरोघरी गळ्यात नळी असलेल्या माणसांची निगा राखतो. आपल्याकडे रुग्णालयांत रात्रीच्या वेळी उशाशी असते ती बहुधा जी.एन.एम.ची विद्यार्थिनीच. व्यवस्थेच्या पायरीवर सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसाकडून सर्वांत सूक्ष्म निर्णय मागितला जातो.

त्यात एक निर्णय फारच अवघड. मरणासन्न माणसाच्या गळ्यातली घरघर ही खरोखरच शेवटाची असते, तेव्हा खोलवर नळी घालून फारसे साधत नाही. त्रास मात्र होतो. अशा वेळी कुशीवर वळवणे, ओठ ओले करणे, जवळच्यांना समजावणे, एवढेच योग्य ठरते. तो आवाज बहुतेक वेळा रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना अधिक छळतो. म्हणजे आपल्या भाषेने लावलेला जुना अर्थ चुकीचा नव्हता; तो एकमेव नव्हता, इतकेच. एकाच आवाजाचे दोन अर्थ, आणि कोणता लागू हे रात्री तीन वाजता एकटीने ठरवायचे. आपण वर्गात अनेकार्थतेवर तासन्‌तास बोलतो. तिच्यावर कुणाचा श्वास अवलंबून नसतो.

स्वतःचा श्वास रोखण्याचा तो नियम मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. परिचारिकांच्या शिक्षणात तो वर्षानुवर्षे तोंडोतोंडी आणि पुस्तकांतूनही चालत आला आहे. घड्याळ सेकंद दाखवते, पण दुसऱ्याचे गुदमरणे दाखवत नाही. बाहुली ते शिकवू शकत नाही, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याचा आवाज गेलेला असतो. तेव्हा शिकणाऱ्याच्याच छातीत त्या अनुभवाचा एक छोटा तुकडा ठेवून दिला जातो. निरोगी छाती आजारी छातीपेक्षा अधिक वेळ तग धरते, हे मात्र त्याबरोबर सांगावे लागते. नाहीतर सहानुभूतीही दगा देते. ‘‘त्याच्या आधीच’’ हे त्या मुलीच्या वाक्यातले दोन शब्द शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम घातलेले असणार.

असो. काकांच्या मुक्कामातली एक दुपार आठवते. दोन तास झाले होते आणि मी सवयीने तिला वेळेची आठवण केली. तिने काकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकले. मग नळीचे पाकीट न फोडताच परत ठेवले आणि म्हणाली, ‘‘आत्ता नको. झोपू द्या आजोबांना.’’ तक्त्यावर वेळेच्या रकान्यात तिने इंग्रजीत दोन-तीन शब्द लिहिले, खाली सही केली आणि पलीकडच्या खाटेकडे गेली. तिथे कुणाचा तरी घसा घरघरत होता.